काचेवरचा लाल थर

उरणच्या अलीसाहेबांचं पत्र श्रावणात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र दोन पानी होतं, पण मुद्दा चार ओळींचा होता.

'मुलगी रिदा आम्हाला पुण्याला घेऊन चालली आहे. तिचा फ्लॅट लहान आहे, टाकी नेता येणार नाही. क्लाउनफिशची जोडी आणि त्यांचा अ‍ॅनिमोन तुम्ही ठेवून घ्याल का? दुकानदाराला द्यायला दिल होत नाही. तुमच्या टाकीचा फोटो अजून माझ्या कपाटावर लावलेला आहे. दिवाळीपर्यंत इथे आहोत. तोवर तुमचं काही आलं नाही, तर निकेशला बोलावून देऊन टाकीन.'

अलीसाहेब कुवेतहून निवृत्त होऊन आले आहेत. दोन्ही कानांनी त्यांना ऐकू येत नाही आणि मला मुळातच लोकांशी मोकळं बोलायला जमत नाही. पनवेलमध्ये निकेशचं मासे आणि काचेच्या टाक्यांचं दुकान आहे, तिथे आमची ओळख झाली. त्यांनी बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने विचारलं होतं, 'तुमचीही खाऱ्या पाण्याची टाकी?' मी खाली लिहिलं, 'हो. पण फारशी चांगली नाही.' मग काउंटरच्या कडेला आम्ही बराच वेळ लिहीत उभे राहिलो. त्या दिवशी मी जितकं बोललो तितकं सलग कधी कोणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. पुढे पत्रं सुरू झाली. फोनवर टाइप करायला त्यांची बोटं जाड पडतात आणि माझी घाबरतात.

त्यांच्या कपाटावरच्या फोटोत माझी टाकी स्वच्छ आहे. पांढरी वाळू, जांभळट खडक, पाण्यात हलणारी प्रवाळाची बोटं. पत्र आलं तेव्हा तीच टाकी लाल झाली होती. वाळूवर, खडकांवर, काचेच्या खालच्या भागावर मखमलीसारखा बुळबुळीत थर होता. दिवा लागला की त्यात हवेचे बारीक बुडबुडे धरत आणि थराची टोकं सुटून वर तरंगत. नळी लावून ओढून काढला, की दोन-तीन दिवसांत परत यायचा. पुस्तकं याला शेवाळ म्हणत नाहीत, जीवाणू म्हणतात. कुजणाऱ्या अन्नावर आणि संथ पाण्यात ते वाढतात. अशा पाण्यात अ‍ॅनिमोन, म्हणजे ज्याच्या आडोशाला ही जोडी राहते ते समुद्रफूल, टिकत नाही. 'हो' लिहिलं असतं तर मी त्यांचा अ‍ॅनिमोन मारला असता. 'नाही' लिहायचं तर कारण लिहावं लागलं असतं. दोन्ही उत्तरं लिहिली आणि दोन्ही फाडली.

निकेशकडे गेलो. तो गिऱ्हाइकाकडे न बघता बोलतो, त्यामुळे मला त्याच्याशी बोलणं सोपं जातं.

"काका, खायला किती घालता?"

"चिमूटभर. एकदाच."

"चिमूट कोणाची? तुमची की पैलवानाची?"

मी बोटं दाखवली.

"मग तुमच्या टाकीत चोरून जेवतंय कोण?" तो हसला. "पाणी कसलं वापरता?"

"घरच्या फिल्टरचं. मीठ मोजून कालवतो."

"कँडल बदला फिल्टरची. हे औषध घ्या. आणि पुस्तकं थोडी कमी वाचा, काका. माशांना टेन्शन येतं."

मी कँडल बदलली. औषधाने आठवडाभर थर गेला आणि मग दुपटीने परत आला. पंपाचं तोंड फिरवून पाहिलं. दिवा कमी वेळ लावून पाहिला. पाण्यावर एक पातळ तेलकट तवंग दिसायचा. एका पुस्तकात होतं की हाताला तेल असेल तर पाण्यावर असा तवंग धरतो. मी डोक्याला खोबरेल लावायचं बंद केलं. केस पिंजारलेले राहू लागले. तवंग मात्र तसाच होता. मग मला वाटलं, माझी त्वचाच तेलकट असेल. मी रबरी हातमोजे घालून टाकीत हात घालू लागलो.

मालूताई, माझी थोरली बहीण, हे सगळं बघत होती. गेल्या चैत्रात ती गुहागरचं घर भाच्याच्या हवाली करून माझ्याकडे नवीन पनवेलला राहायला आली. मी एकटाच असतो, तीही एकटी झाली होती.

"दीना, मोजे घालून मासे धुतोस का रे?"

"पाणी खराब होतंय, ताई. माझंच काहीतरी चुकतंय."

"तुझं काय चुकणार? तू घरात हलतोस तरी का?"

नवरात्र सरलं. दिवाळी जवळ आली. शेवटचा उपाय म्हणून टाकी तीन दिवस अंधारात ठेवायची होती. दिवा बंद, अन्न बंद, वर चादर. सशक्त मासे एवढे दिवस सहज काढतात, थर मात्र उजेडावाचून मरतो. मी निळी चादर पांघरली आणि कडा चिमट्यांनी लावल्या.

"सुतक आहे का कोणाचं?" मालूताई म्हणाली.

"तीन दिवस त्यांना काही घालायचं नाही. उघडायचंही नाही."

"तीन दिवस उपाशी?" ती चादरीकडे बघत आत गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलो होतो. मालूताई स्वयंपाकघरातून छोटी वाटी घेऊन आली. तिने एक चिमटा काढला, चादरीचं टोक उचललं, वाटीतलं काहीतरी पाण्यात सोडलं आणि चिमटा परत लावला. हे तिने इतक्या सहज केलं, की मी पुन्हा पुस्तकात पाहिलं आणि मग मान वर केली.

"ताई, काय घातलंस?"

"घास."

"कसला घास?"

"पहिला घास. गुहागरला गाईचा असायचा, मग कावळ्याचा. इथे सहाव्या मजल्यावर गाय कुठून आणू? कावळ्याला ठेवावा तर खिडकीला कबुतरांची जाळी. घरात जिवंत म्हणशील तर तू, मी आणि हे. आधी मुक्या जिवाला घातल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाही."

"कधीपासून?"

"आल्यापासून. रोज."

"भात?"

"वरणभात. वर साजूक तूप."

"तूप!"

"मग कोरडा घालू? कोरडा घास आपण दारात आलेल्यालाही देत नाही."

मी उठलो, चादर काढली, बाही सरसावली आणि मागच्या मोठ्या खडकाच्या फटीत हात घातला. मोजे घालायचं राहूनच गेलं. बोटांना मऊ, गार असं काहीतरी लागलं. बाहेर काढलं तेव्हा मूठभर राखाडी लगदा होता. त्यात भाताची शितं ओळखू येत होती. वास सांगायला नको. मालूताईने पदर नाकाला लावला.

"हे माझं?"

"हो." मग मी तिला सांगितलं, की मासे भात फारसा खात नाहीत. तो खडकाखाली जाऊन कुजतो आणि त्यावर हा लाल थर वाढतो. सांगताना माझा आवाज बारीक झाला. तिचा मात्र झाला नाही.

"मग एवढे महिने विचारलं का नाहीस?"

"मला वाटलं, माझंच—"

"तुझंच, तुझंच! डोक्याचं तेल सोडलंस, हाताला रबर घातलंस. मी रोज तुझ्या नाकासमोरून वाटी घेऊन जात होते, दीना. पुस्तकातून मान वर केली असतीस तर दिसलं असतं. दुसऱ्याचीही चूक असू शकते रे जगात. सगळ्या काय तूच करून ठेवल्यास?"

ती आत गेली. त्या दिवशी आम्ही उशिरा जेवलो. तिने पहिला घास काढून पानाच्या कडेला ठेवला आणि जेवण होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी वाटीत घेऊन लिफ्टने खाली गेली. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये एक मांजर असतं. वर येऊन म्हणाली, "तुपावर तुटून पडलं. ते तरी गुहागरचं असावं."

पुढचं काम रुक्ष होतं. खडक एकेक करून उचलले, मागचा लगदा नळीने ओढला, खडक खाऱ्या पाण्यातच ब्रशने घासले. पाणी थोडं थोडं करून बदललं. आणखी एक छोटा पंप आणून मागच्या फटीकडे लावला, म्हणजे तिथे पाणी साचून राहणार नाही. तवंग गेला. वाळू पांढरी दिसू लागली. डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा लाल डाग मात्र हटेना. मी रोज सकाळी त्याच्याकडे बघत होतो. तो गेला की अलीसाहेबांना लिहायचं असं ठरवलं होतं. डाग थोडा आक्रसायचा आणि थांबायचा. वसुबारस चार दिवसांवर आली.

"कोणाला लिहायचंय?" मालूताईने विचारलं. टेबलावरचे कोरे कागद तिने पाहिले असावेत.

मी जोडीचं सांगितलं.

"आणि लिहीत का नाहीस?"

"तो कोपरा अजून—"

तिने टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्यांचे मासे कोपऱ्यात राहणार आहेत का?"

मी कागद ओढला. लिहिलं, की उत्तराला फार उशीर झाला. तुमच्या कपाटावरच्या फोटोसारखी माझी टाकी आता नाही. सात महिने तिच्यात तुपाचा वरणभात पडत होता आणि मला ते कळलं नाही. आता तो थांबला आहे. पाणी तपासलं, आकडे सोबत देतो. डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा लाल डाग आहे आणि तो पूर्ण जाईल याची खात्री मला देता येत नाही. एवढं वाचूनही जोडी आणि अ‍ॅनिमोन माझ्याकडे द्यावेत असं वाटलं, तर मला ते हवे आहेत. झाकणाची बादली आणि हवेचा बॅटरीवरचा पंप घेऊन मी स्वतः उरणला येईन. निकेशला बोलावू नका.

शेवटचं वाक्य खोडावं असं वाटलं. खोडलं नाही.

"काय लिहिलंस, वाच बरं," मालूताई म्हणाली. मी वाचलं. वरणभाताशी आल्यावर ती म्हणाली, "माझं नाव घाल तिथे. माझ्या हातचा होता. आणि लिही, की बहीण म्हणते, तुमच्या माशांना घास घालणार नाही. घालायचाच झाला तर तुम्हाला विचारून."

"कानांना ऐकू येत नाही त्यांना."

"म्हणून तर लिही म्हणतेय."

मी लिहिलं. तिने गोंद लावून पाकीट बंद केलं, कारण माझ्या हाताने ते उघडं राहिलं असतं अशी तिला शंका होती. पोस्ट बंद व्हायला थोडा वेळ होता, तेवढ्यात मी तिथे पोचलो. खिडकीवरच्या बाईंनी पाकीट हातात तोलून विचारलं, "काका, साधं की स्पीड?"

"स्पीड," मी म्हणालो. त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.