शिवता येतं का?

आमच्या दुकानात सोफे नवे होऊन जातात, वाद मात्र जुनेच राहतात. जुन्या सोफ्यांना नवं कापड घालायचं आमचं काम. खिळे-पट्ट्या आमचे हे बघतात, शिलाई मी बघते, आणि सासरे खुर्चीत बसून जगाचं बघतात.

सासरे तरुणपणी कामगारांचे पुढारी होते. त्यांच्या मते माणूस गरीब राहतो, कारण वरचे त्याला वर येऊ देत नाहीत. ह्यांचा पक्ष दुसरा. ह्यांच्या मते माणूस गरीब राहतो, कारण तो उशिरा उठतो. मतदानाला दोघं एकाच स्कूटरवरून जातात आणि एकमेकांचं मत बाद करून सुखाने जेवायला घरी येतात. माझं काही म्हणणं नाही. घरात असं थोडं वाजत असलं की बरं वाटतं.

पण माझा खांदा धरला आणि हाताखाली कुणीतरी हवं, अशी पाटी आम्ही दारावर लावली. मंगळवारी एक बाई आली. चाळिशीची असेल, केस घट्ट बांधलेले.

"बॅगांच्या कारखान्यात होते," ती म्हणाली. "तो बंद पडला, त्याला चौदा महिने झाले. आता काम मिळालं नाही तर मुलीचं शिक्षण थांबवावं लागेल."

एवढं ऐकलं आणि ह्यांनी हातोडी खाली ठेवली. "कारखाना बंद झाला, कबूल. पण चौदा महिने? ज्याला काम करायचंय, तो इतके दिवस बसून राहतो होय?"

तिने ह्यांच्याकडे बघितलं. "चुकलंच माझं. आधीच हातपाय हलवायला हवे होते."

हे खूश. तेवढ्यात टेम्पो आला म्हणून बाहेर गेले. लगेच सासरे पुढे सरकले. "मालकाने एका दिवसात कुलूप लावलं असेल ना?"

"हो ना. लुटलं हो आम्हाला. आमच्या हातात काय होतं?"

सासऱ्यांचा चेहरा उजळला. दुर्दैवाने हे त्याच वेळी सोफ्याचं एक टोक धरून दारात उभे होते.

"आत्ता तर म्हणालात, तुमचंच चुकलं," हे म्हणाले. "दोन्हीकडून बोलणारं माणूस आपल्याला नको."

"तिला तसं बोलायला लागतं, ही कुणाची चूक?" सासरे म्हणाले. झालं, जुंपली दोघांची. माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून मी गप्प होते. खरं सांगायचं तर मलाही ती बाई लबाड वाटली.

ती दाराकडे निघाली. मग थांबली आणि शांतपणे म्हणाली, "हे सातवं दुकान. सगळीकडे विचारतात, ही वेळ का आली? ज्याला जे आवडेल ते सांगते. शिवता येतं का, हे अजून कुणी विचारलं नाही."

ह्यांनी सोफ्याचं टोक खाली ठेवलं, सासरे खुर्चीत मागे सरकले. मला तर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं, कारण मीही विचारलं नव्हतं. टाचण्या काढल्या, उठले आणि माझ्या मशीनवर तिला बसवलं. उशीच्या कोपऱ्यावरून पायपिंग, म्हणजे कडेची गोल किनार, वळवायला दिलं. तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते.

तिने एकदाच वळवलं. कुठे चुणी नाही, कुठे फुगवटा नाही.

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "उद्यापासून ह्या येणार." दुकानात माझा आवाज चढला की दोन्ही पक्ष एकमताने मान डोलावतात.

आता महिना झाला. हे गिऱ्हाइकांना सांगतात, बघा, कष्टाळू माणसाला काम मिळतंच. सासरे सांगतात, बघा, संधी दिली की माणूस करून दाखवतो. ती खाली मान घालून शिवत असते. मुलगी शिकते आहे, माझा खांदा बरा आहे, आणि दुपारी आम्ही दोघी एकत्र डबा खातो.

काल डबा खाताना तिने सहज विचारलं, "ताई, तुम्ही कशा आलात ह्या कामात?"

मी सांगायला तोंड उघडलं, मेहनत, चिकाटी, असलं काहीतरी. पण कोपरा वळवायला मला लग्नानंतर दोन वर्षं लागली होती, आणि तोवर वाया घालवलेलं कापड दुकानाचंच होतं.

"मी लग्न करून ह्या दुकानात आले," मी म्हटलं.

ती मोठ्याने हसली. सासरे आणि हे दोघंही वळून बघायला लागले, पण काय झालं ते आम्ही काही त्यांना सांगितलं नाही.