रॅशरचा तवा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तवा आहे. वाशीमच्या एका लोहाराने मला ठोकून घडवले आणि लांब दांडा लावून डाकबंगल्यावर दिले. तिथे गफ्फार खानसामा होते. ते माझ्यावर अंडी, मासे, बटाटे तळत. साहेबलोक त्यांच्या हाताची तारीफ करत आणि मला वाटे, त्यात थोडी माझीही आहे.

एका हिवाळ्यात मोजणीचे साहेब मुक्कामाला आले. त्यांनी सोबत डबाबंद बेकन आणले होते. बेकन म्हणजे खारवलेले डुकराचे मांस. आपल्या धर्मात ते चालत नाही, आपण शिवणार नाही, असे गफ्फारनी नम्रपणे सांगितले. साहेबांनी मानले. तेव्हापासून त्यांचा शिपाई हरिसिंग ते तळू लागला आणि मी वेगळ्या खुंटीवर गेलो. गफ्फारनी मला पुन्हा हात लावला नाही. वाईट वाटले, पण राग आला नाही.

रोज सकाळी साहेब "दोन रॅशर" मागत. हरिसिंग लांबट, पातळ काप माझ्यावर टाकी. चरबी वितळे, कडा वळत, काप कुरकुरीत होत. गफ्फारना तो शब्द फार आवडला. कुठलाही पातळ काप म्हणजे रॅशर, असे ते समजले. मग बटाट्याचे रॅशर, काकडीचे रॅशर, असे ते सहज बोलू लागले. शब्द त्यांच्या घरीही गेला.

त्यांची मुलगी जुबेदा हिचा निकाह अन्सार रंगाऱ्यांच्या मुलाशी ठरला होता. पाहुणे जेवायला आले, तेव्हा तिने वांग्याचे काप तळले आणि रॅशर म्हणून कौतुकाने वाढले. पाहुण्यांतला एकजण पूर्वी एका साहेबाकडे वाढपी होता. रॅशर हा शब्द ऐकताच त्याने ताट सरकवले. बघता बघता गावभर झाले, की गफ्फारच्या घरी डुकराचे मांस शिजते.

अन्सार बंगल्यावर आले. हरिसिंगने त्यांना मला दाखवले. ते मांस आपणच तळतो, गफ्फारनी कधी शिवले नाही, असे त्याने शपथेवर सांगितले. मग रॅशर म्हणजे बेकनचाच काप, हा त्या शब्दाचा खरा अर्थही सांगितला. गफ्फार म्हणाले,

"मले वाटलं, कोन्त्याबी पातळ कापाले रॅशर म्हनतेत."

अन्सार म्हणाले, "माहा भरोसा हाय, गफ्फारभाई. पन लोकाइनं वांगं कुठं पाह्यलं? त्याइनं शब्द आयकला. तुमी हे काम सोडा, नाहीतर निकाह होनार नाही."

गफ्फारनी काम सोडले. निकाह झाला. हरिसिंग जाऊन आला. त्याने सांगितले, की जेवण गफ्फारनी रांधले नव्हते. त्यांच्या हातचे कोणी खाणार नाही, म्हणून दुसऱ्या गावचा आचारी बोलावला होता.

मित्रांनो, आता मी गंजत पडलो आहे. कोणी घासूनपुसून तेल लावले तर बरे वाटेल. पण त्याहून एक मागणे मोठे आहे. परका शब्द घरी नेण्याआधी त्याचा अर्थ विचारून घ्या. आणि दुसऱ्याच्या तोंडून चुकीचा शब्द आलाच, तर ताट सरकवण्याआधी त्यात काय वाढले आहे, ते एकदा पाहा.