निघण्याआधी बसायचं असतं

मी एक जुना समोवार आहे. मित्रांनो, पाणी तापवायचा तांब्याचा बंब तुम्ही पाहिला असेल ना? त्याचा मी रशियातला धाकटा भाऊ. पोटात निखारे, भोवती पाणी, डोक्यावर चहाची किटली. अंग पितळेचं, त्यामुळे स्वभाव जरा मिरवण्याचा.

व्होल्गाकाठच्या एका जर्मन घरात मी आलो. ते लोक पिढ्यान्‌पिढ्या रशियात राहिलेले. पण महायुद्ध पेटलं आणि ‘तुम्ही जर्मन’ म्हणून गावंच्या गावं आगगाडीत कोंबून कझाकस्तानात धाडली गेली. छोट्या लिडियाच्या आईनं गाद्या सोडल्या, मला मात्र पोटाशी धरलं. शिपाई दारात ओरडत होता, तरी घरातले सगळे आधी क्षणभर गप्प बसले. प्रवासाला निघताना असं बसायची रशियात रीतच आहे.

पुढे म्हातारी झालेली लिडिया जर्मनीत, झिंडेलफिंगेनला आली. इथे लोक तिला ‘रशियन’ म्हणू लागले! तिच्या गावचा असा मी एकटाच उरलो.

शेजारच्या ऊर्मिलाकडे पुण्याहून सासूबाई आल्या, यमुनाबाई. “अगं, हा तर आमचा बंब!” म्हणत त्यांनी मला चिंचेनं लख्ख घासलं. भाषा वेगळी, पण दोघी म्हाताऱ्यांचा चहा रोज रंगायचा. ते माझे फार सुखाचे दिवस होते.

मग २००५ साली लिडियाचे गुडघे थकले. मुलगा व्हिक्टर तिला वृद्धाश्रमात न्यायला आला. तिथली खोली लहान, म्हणून त्यानं खुर्च्या आणि मला भंगाराच्या गाडीसाठी फुटपाथवर मांडलं.

“निघण्याआधी बसू या,” लिडिया म्हणाली.

“आई, उशीर होतोय. आणि खुर्च्या कुठे आहेत आता?”

ती काठी टेकत खाली उतरली आणि भंगारातल्या आपल्याच खुर्चीवर, माझ्याशेजारी बसली.

बाल्कनीतून यमुनाबाई ओरडल्या, “अगं ऊर्मिला, आजींना बाहेर काढलं की काय!”

“अहो आई, आज श्पेरम्यूल आहे. नको असलेलं सामान लोक रस्त्यावर ठेवतात.”

“सामान ठीक. माणसंही?”

दोघी धावत खाली आल्या. लिडियानं जर्मनमध्ये रीत सांगितली, ऊर्मिलानं ती मराठीत सासूला सांगितली.

“मग बरोबरच आहे की! आपल्याकडे नाही का, निघताना शिंक आली तर बसून पाणी पिऊनच निघतात,” म्हणत यमुनाबाई पदर सावरून बसल्या. ऊर्मिलाही बसली. एक खुर्ची रिकामी राहिली. तेवढ्यात कोपऱ्यावर भंगाराची गाडी वळली. मित्रांनो, निखाऱ्यांना कधी न भ्यालेला मी तेव्हा भ्यालो.

व्हिक्टर बसला. त्याचा हात सवयीनं माझ्या तोटीवर आला. लहानपणी ती तोटी उघडझाक करून त्यानं आईची खूप बोलणी खाल्ली होती. उठला तो मला काखोटीला मारूनच.

“खिडकीत मावेल हा,” एवढंच म्हणाला.

वृद्धाश्रमात निखाऱ्यांना बंदी आहे, म्हणून माझं पोट रिकामं असतं. पण आईला भेटून निघताना व्हिक्टर आता न सांगता आधी बसतो.

मित्रांनो, घर म्हणजे काही गोदाम नव्हे. जुनं टाकावं लागतंच. फक्त टाकण्याआधी त्याच्याशेजारी क्षणभर बसा. उठताना हात रिकामे राहिले, तर खुशाल टाका.