तीन खोल्यांचा एक दिवा

मीटरवाल्याच्या घरात खोल्या तीन होत्या आणि बल्ब एक. होल्डर तिन्ही खोल्यांत होते, पण माणूस एका वेळी एकाच खोलीत बसतो ना, मग तीन बल्ब कशाला, असा त्याचा सवाल. लग्न होऊन आली त्याच संध्याकाळी त्यानं बायकोला धडा दिला: आधी बटण बंद, मग फडक्यात धरून बल्ब काढायचा, हव्या त्या खोलीत न्यायचा, लावायचा. तिला वाटलं, थट्टा करतोय. तो थट्टा करणाऱ्यांतला नव्हता; थट्टेलासुद्धा थोडा श्वास खर्च होतो.

दिवसभर तो दारोदार हिंडून लोकांचे विजेचे मीटर वाचायचा आणि कुणाकडे किती जळतं ते बघून हळहळायचा. घरी आला की चपला काढायच्या आधी स्वतःचा मीटर बघायचा. साबणाचा उरलेला पापुद्रा नव्या वडीला चिकटवायचा, टूथपेस्टची नळी कात्रीनं उभी कापायची, काडेपेटीतली काडी ब्लेडनं चिरून एकीच्या दोन करायच्या. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं शेजारी म्हणत. पण खरं सांगायचं तर हळूहळू तिलाही गोडी लागली. चिरताना काडी न मोडता दुभंगली की तिला आनंद व्हायचा.

ती घरी बसून काज-बटण करायची. कारखान्यातून कोटांचे गठ्ठे यायचे, बहुतेक काळे. काळ्या कापडावर काळा दोरा. संध्याकाळी नवरा मागून आणलेला शिळा पेपर वाचायला बाहेरच्या खोलीत बल्ब घेऊन जायचा. मग ही खिडकीतला उजेड सरेपर्यंत डोळ्यांनी आणि त्यानंतर बोटांनी काम करायची. वीस वर्षं.

पुढं तिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला. धाकटी बहीण एकदा राहायला आली, तिनं हे पाहिलं आणि हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "गेलेली नजर परत यायची नाही. आहे ती थेंबांनी टिकेल. पण दोन्ही डोळ्यांत, रोज, एकही दिवस चुकवायचा नाही."

नवऱ्यानं घरी ती बाटली उजेडात धरून हलवून बघितली. करंगळीएवढी बाटली. "सुईला भोक किती?" त्यानं विचारलं.

"एक."

"मग बघायला डोळे दोन कशाला? उजव्यात घाल. महिन्याची बाटली दोन महिने जाईल."

आणि तिला ते पटलं. आग लागो असल्या पटण्याला! काडी चिरणाऱ्या हातांनीच तिनं डोळे चिरून एकाचा हिशेब केला.

वर्षभरात डावा गेला. "पण उजवा शाबूत आहे की," नवरा म्हणाला. मग एक दिवसाआड थेंब सुरू झाले, कारण थेंब काय एका दिवसात वाळून जातो?

बहीण येताना दोन बाटल्या घेऊन आली. "ताई, थेंब घालतेस ना गं?"

"घालते की," ती म्हणाली.

त्या दोन्ही बाटल्या नवऱ्यानं अडीअडचणीला म्हणून कपाटात ठेवल्या. त्यांची तारीख तिथंच उलटून गेली.

एका संध्याकाळी ती मधल्या खोलीत कोट घेऊन बसली होती. शेवटचं बटण राहिलं होतं. कारखान्याचा माणूस गठ्ठा न्यायला यायचा होता, म्हणून तिनं आज भीड सोडून हाक मारली, "अहो, अंधार पडला. वाचून झालं असेल तर दिवा आणता का इकडे?"

उत्तर अगदी जवळून आलं. "आणलाय की. मी इथंच बसलोय वाचत. केव्हाचा तुझ्या डोक्यावर जळतोय."

तिनं हात वर केला. तारेला खाली लोंबणाऱ्या बल्बची धग बोटांना लागली. तोच हात तिनं तोंडासमोर आणला, अगदी नाकाशी आणला.

"अहो, मला काहीच दिसत नाहीये," ती म्हणाली. "उजवा पण गेला हो माझा."

पेपरची घडी झाल्याचा आवाज आला. स्टूल सरकलं. आता जवळ येईल, खांद्यावर हात ठेवील, म्हणून तिनं मान वर केली.

खट्कन बटण बंद झालं.

"मग इथं उगाच कशाला जळतोय?" तो म्हणाला, आणि डोक्यावर होल्डर कुरकुरला.

"फडकं घ्या हो," ती म्हणाली. "तापलाय, पोळेल."