जुनंच दुखणं

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आकाराम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चंद्री म्हशीची धार काढून फेसाळता पेला हातात द्यायचा. पिळून पिळून त्याच्या उजव्या कोपराची बाहेरची बाजू वर्षभर ठणकत होती. डॉक्टरनं त्याला टेनिस एल्बो म्हटलं आणि कट्ट्यानं बिचाऱ्याला सळो की पळो करून सोडलं.

"काय आकाराम, आज मॅच कुणासंगं?"

तोही हसायचा. दुखण्याला नाव मिळालं की माणूस निम्मा निर्धास्त होतो. तिथंच त्याचा घात झाला.

चंद्री गाभण होती, दूध आटलेलं होतं. गोठ्यात शेणावरून घसरून आकाराम उजव्या तळहातावर पडला. कळ उठली ती जुन्याच जागी. "जुनंच हाय, चाळवलंय जरा. म्हस व्याईस्तोवर हुतंय बरं," असं तो स्वतःच म्हणाला. मग डॉक्टरकडं कशाला जातोय! तालमीतल्या आण्णा वस्तादांनी कोमट तेलानं कोपर चोळलं आणि हात सरळ होईना म्हणून तो जोर लावून ओढला. आकारामच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. तरी शहाणा रोज जाऊन हात ओढून घेत राहिला.

चंद्री व्यायला आली तरी हात तसाच. तेव्हा लेक क्रांती त्याला फरपटतच दवाखान्यात घेऊन गेली.

"दोन्ही हात सरळ करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

डावा झाला. उजवा अर्ध्यातच अडकला.

"प्रसाद घेतल्यासारखा तळवा वर करा."

तेही जमेना.

"पडल्यापासून असंच?"

"व्हय. पण दुखणं जुनंच हाय की, बाई."

"टेनिस एल्बोत दुखतं, पण हात सहसा सरळ होतो. पडल्यावर तो होईना, तेव्हाच एक्स-रे काढायला हवा होता."

फिल्ममध्ये कोपराजवळचं हाड मोडून तिरकं बसलेलं दिसत होतं. वर चोळण्या-ओढण्यानं भोवतीच्या मांसात नवंच हाड धरलं होतं.

"धार काढता ईल न्हवं?"

"ते नवं हाड पुरतं पक्कं होईपर्यंत ऑपरेशन करता येत नाही. पुढंही पहिल्यासारखा हात... खोटं नाही सांगणार मी."

आकाराम बाहेर आला आणि पायरीवर बसून लेकीसमोर रडला.

चंद्री व्याली. कट्ट्यावर क्रांती तिच्या कासेला बसली, तर म्हशीनं लाथ झाडली आणि भांडं गडगडत गेलं. परक्या हाताला ती पान्हा सोडत नसे. न राहवून आकाराम पुढं झाला, पाठीवर डावा हात ठेवून नेहमीसारखा पुटपुटला. चंद्रीनं त्याला हुंगलं आणि पान्हा सोडला.

तो सवयीनं खाली बसला. उजवा हात कासेपर्यंत पोचेना. डाव्या हाताची धार भांड्याबाहेर उडू लागली. क्रांतीनं हात पुढं केला की म्हैस पाय उचलायची. सडांतून दूध थेंब थेंब फरशीवर गळत होतं आणि गिऱ्हाईक रिकामा पेला धरून उभं होतं.

"थांब की बाई जरा," आकाराम काकुळतीनं चंद्रीला म्हणाला.

पण सोडलेला पान्हा आवरणं तिच्या तरी कुठं हातात होतं.