पिवळं कुलूप

बॅटरी सोडवून झाल्यावर रुचिराने स्टिअरिंगच्या मागच्या फटींत स्क्रूड्रायव्हर सारून आतले खटके दाबले आणि मधली जाड गादी अलगद पुढे ओढली. मागच्या वायरी सोडवून तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि टेबलावर ठेवली, दर्शनी बाजू वर करूनच. या गादीच्या पोटात एअरबॅग असते. ती पालथी ठेवली आणि चुकून उडाली तर छताला भोक पाडते, हे रुचिरा वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ओरडून सांगायची. आज ओरडायला समोर कार्तिकेय होता, आणि त्याला हे तिच्याहून जास्त ठाऊक होतं.

गाडी त्याचीच होती. वडिलांच्या मागे त्याच्याकडे आलेली, जुनी पण नीट ठेवलेली. गेल्या शुक्रवारी तो आईला घेऊन कुंभकोणमला मुलगी पाहायला निघाला, आणि शहरातलं अण्णा नगर ओलांडायच्या आतच समोर लाल दिवा लागला. बसलेल्या माणसाचं चित्र आणि त्याच्या छातीपुढे फुगा. त्याच्या आईने, वसंताबाईंनी, तो पाहिला आणि गाडी तिथूनच मागे वळवायला लावली. मुलगी पाहायला निघताना कोण आडवं गेलं, कोण शिंकलं, याचा हिशेब त्यांच्या घराण्यात तंजावरला मराठी राजे होते तेव्हापासून चालत आला होता. त्यात गाडीतल्या दिव्याची सोय कोणी केली नव्हती, पण लाल तो लालच.

आज पुन्हा शुक्रवार. राहुकाळ बाराला संपला की लगेच निघायचं होतं. म्हणून वसंताबाई जरीकाठी साडी नेसून गाडीबरोबरच वर्कशॉपमध्ये आल्या होत्या आणि काचेपलीकडच्या थंड खोलीत ताठ बसल्या होत्या.

"स्टिअरिंगमधली स्पायरल केबल असेल," कार्तिकेय म्हणाला. "जुन्या गाडीत तीच जाते. नाही?"

"बघू."

"ती मागवावी लागेल. चार दिवस तरी जातील."

रुचिराने मान वर केली नाही. त्याच्या आवाजात आशा होती आणि ती तिला ऐकू आली, कारण तीच आशा सकाळपासून ती स्वतः उराशी धरून होती. कोणी शपथ घालून विचारलं असतं तर तिने कबूल केलं असतं की तिला ती केबल तुटलेली हवी होती. दुसरी कुठे मिळू नये, कारखान्यानेच ती बनवणं बंद केलेलं असावं.

दोन वर्षांपूर्वी तो इथे शिकवायला आला होता. शहराबाहेर गाड्यांच्या वायरींचे जोड बनवणारी एक कंपनी होती, तिथे तो इंजिनिअर. एअरबॅगचा पिवळा जोड कसा सोडवायचा हे तो दाखवत असताना रुचिराचं बोट पत्र्याने कापलं आणि तिच्या तोंडून कराडकडची एक सणसणीत शिवी गेली. तो शिकवायचं थांबला.

"तुम्ही मराठी?" त्याने विचारलं. "माझीही मराठीच. जुनी आहे, पण चालते."

मग रविवार सुरू झाले. बेसंट नगरच्या समुद्रकाठच्या वाळूत चालणं, मग कॉफी, मग परत चालणं. त्याच्या मराठीत 'कोठे' होतं, 'मजला' होतं आणि वाक्याच्या शेवटी हमखास तमिळ 'सरी', म्हणजे 'बरं', होतं. ती हसायची. तो रागावल्यासारखं करायचा आणि पुढच्या रविवारी आजीचा आणखी एखादा जुना शब्द शोधून आणायचा, तिने हसावं म्हणून. नुंगंबाक्कमच्या खोलीवर परतल्यावर ती कराडला फोन करायची. आई विचारायची, तिकडे आपलं म्हणावं असं कोणी आहे का गं? रुचिरा 'आहे' म्हणायची आणि विषय बदलायची. दोन वर्षांत त्या दोघांनी जगातल्या सगळ्या विषयांवर तोंड उघडलं होतं, एक सोडून. त्याने विचारावं म्हणून ती थांबली होती. तो कशासाठी थांबला होता, ते तिला कळत नव्हतं.

एरवी तिच्याशी हट्टाने मराठीत बोलणाऱ्या कार्तिकेयने मुलगी पाहायला जाणार असल्याची बातमी मात्र इंग्रजीत सांगितली होती.

तिने एअरबॅगच्या जागी डमी जोडला. खऱ्या एअरबॅगला साधा मीटर लावायचा नसतो, तेवढ्या विजेनेही ती उडू शकते. म्हणून तिच्याइतकाच रोध असलेला हा नकली तुकडा. तो लावून बिघाड गेला तर दोष एअरबॅगचा, राहिला तर वायरींचा. तिने बॅटरी जोडली, चावी फिरवली आणि स्कॅनर पाहिला. बिघाड तसाच होता. ड्रायव्हर एअरबॅग, सर्किट खुलं, म्हणजे कुठेतरी जोडणी तुटलेली.

"म्हणजे केबलच," तो म्हणाला.

"हॉर्न सकाळी वाजवून पाहिला मी. खणखणीत वाजतो. स्टिअरिंगवरची बटणंही चालतात. ती सगळी त्याच केबलमधून जातात."

"एकच तार तुटली असेल."

"असेल," ती म्हणाली. तिलाही ते पटवून घ्यायचं होतं.

तिने चावी बंद केली आणि बॅटरी पुन्हा सोडवली. आता आतली उरलीसुरली वीज जिरेपर्यंत थांबायचं. या कामात हे थांबणं चुकवता येत नाही. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, तो उघड्या दाराला टेकून उभा राहिला. बाजूच्या गाडीखाली कोणीतरी तमिळ गाणं गुणगुणत होतं. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा आणि चंदनाचा वास येत होता. हात थोडा पुढे केला असता तर तो त्याच्या मनगटाला लागला असता. तिने हात मांडीवर ठेवला आणि मनाशी म्हटलं, आता बोल. अजून वेळ आहे, बोल. तो घड्याळाकडे पाहत होता.

मग ती उतरली, सीट मागे सारली आणि पाठीवर आडवी होऊन स्टिअरिंगच्या खाली डोकं घातलं. टॉर्चच्या उजेडात वायरींचा जुडगा दिसला, आणि त्यात तो पिवळा जोड. त्याच्यावरचं कुलूप, नखाएवढी प्लास्टिकची पट्टी, वर उचललेलं होतं. जोड अर्धा बाहेर आला होता. कुलपावर ओरखडा नव्हता, आजूबाजूची धूळ मात्र पुसलेली होती.

हा जोड खड्ड्यांनी निघत नाही, धक्क्यांनी निघत नाही. एका हाताने कुलूप उचलायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, एका हाताचं हे काम नाही. हे तिला ज्याने शिकवलं होतं, त्याचे काळे बूट तिला दाराखालून दिसत होते.

"कधी काढलास?" तिने खालूनच विचारलं.

बूट थोडे मागे सरकले.

"निघायच्या आदल्या दिवशी," तो शेवटी म्हणाला. "दिवा पाहिला की अम्मा परत फिरणार, ठाऊक होतं मजला."

"आणि आज?"

"आज तू म्हणशील, गाडी एवढ्या लांब नेऊ नका. असं वाटलं."

रुचिरा बाहेर आली. तिचं तोंड तापलं होतं. आधी तिला आनंद झाला होता, आणि तो इतका झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली. त्याला जायचं नव्हतं! मग त्या आनंदामागून राग आला.

"एअरबॅग तोडून तू आईला शेजारी बसवून रस्त्यावर नेलंस," ती दबक्या आवाजात म्हणाली. "हा दिवा लागला की तिच्या बाजूचीही उघडेल याचा भरवसा नसतो. तू हे लोकांना शिकवतोस, कार्तिकेय."

"थोडंच अंतर होतं."

"तेवढ्यासाठी वायर ओढलीस. 'मला जायचं नाही' एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"ती विचारेल, का म्हणून."

"मग?"

सगळं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं, पण एकही अक्षर तोंडातून बाहेर पडेना. ती पुन्हा खाली वाकली. जोड आत दाबला, कुलूप बसवलं. टक असा बारीक आवाज झाला.

एअरबॅग जागेवर बसवून, बॅटरी जोडून तिने चावी फिरवली. लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. तसाच विझायला हवा होता.

वसंताबाई काचेच्या खोलीतून बाहेर आल्या होत्या. जमिनीवरचं तेल चुकवत, निऱ्या जरा उचलून त्या गाडीपर्यंत आल्या.

"झालं का, कण्णा?" त्यांनी रुचिराला लाडाने विचारलं.

"झालं, काकू."

"मग मला एक सांग. खरं सांग हं. गाडीला दुखणं होतं, की सामीने, देवानेच, दाखवलेला शकुन?"

रुचिराने स्कॅनरची वायर गुंडाळायला घेतली.

"दुखणं असलं तर बरं झालं, निघतो आम्ही. गाडीत काही सापडलंच नाही म्हणून सांगितलंस, तर मी त्यांना फोन करते आणि येत नाही म्हणून सांगते. देवापुढे मी शहाणपणा करीत नाही."

काही सापडलं नाही. हे वाक्य वर्कशॉपमध्ये रोज कोणी ना कोणी बोलायचंच. त्याला कोणी खोटंसुद्धा म्हणत नसे. कार्तिकेय आईच्या मागे उभा होता आणि रुचिराकडे पाहत होता. तो तिच्या त्या वाक्याची वाट पाहत होता, हे तिला स्पष्ट दिसलं. तिलाही ते म्हणायचं होतं. हा माणूस तिला हवा होता, रविवारी, सोमवारी, रोज, त्याच्या त्या जुन्या मराठीसकट. पण समोरची बाई तिच्यावर विश्वास टाकून उभी होती. आणि देवाच्या नावावर तिला फसवून मिळवलेल्या माणसाबरोबर रोज जेवायला कसं बसणार?

"शकुन नव्हता, काकू," ती म्हणाली. "एक वायर निघाली होती. ती मी बसवली."

"आपोआप निघाली?"

"नाही. ती आपोआप निघत नाही."

वसंताबाईंनी मान हलवली. मग त्या वळल्या आणि मुलाकडे पाहू लागल्या. मायलेकांचं आपसातलं बोलणं सकाळपासून तमिळमध्ये चाललं होतं. आता मात्र त्यांनी मराठीत विचारलं, सावकाश, शेजारच्या माणसालाही कळेल असं.

"कार्तिका, निघायचं? की तुला काही सांगायचं आहे?"

रुचिरा हातमोजे काढत होती. एका बोटापाशी तिचा हात थांबला. याहून सोपं कोणी काय करून देणार होतं? त्याच्या आईने त्याला हाताला धरून उंबरठ्यापर्यंत आणून सोडलं होतं. आता फक्त पाऊल उचलायचं होतं.

कार्तिकेयने रुमालाने मान पुसली. रुचिराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"बारा वाजून गेले, अम्मा," तो म्हणाला. "निघू या."

वसंताबाईंनी पदराचं टोक घेऊन रुचिराच्या गालावरची काळी रेघ पुसली. ती नीट जाईना तेव्हा पुन्हा पुसली.

"याचे अप्पाही असेच होते," त्या हळूच म्हणाल्या. "सगळं मलाच विचारायला लागलं. येते हं."

त्या पुढच्या सीटवर बसल्या. ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्याने आपला पट्टा लावला. रुचिराने ते पाहिलं आणि आत कुठेतरी तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा पुन्हा रागही आला.

गाडी मागे घेऊन रस्त्यावर काढायची होती. दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या, मध्ये जेमतेम वाट. मागे उभं राहून कोणीतरी हात दाखवायला हवा होता आणि आसपास मोकळं कोणी नव्हतं. रुचिरा जाऊन फाटकापाशी उभी राहिली. दिवसभरात अशा कितीतरी गाड्या ती बाहेर काढायची आणि तमिळमध्ये 'वा, वा', म्हणजे 'ये, ये', म्हणायची. आज तोंडातून मराठीच आलं.

"ये," ती म्हणाली. "ये. ये."

आरशात त्याचे डोळे दिसत होते. गाडी हळूहळू तिच्याकडे येऊ लागली.

"ये. अजून ये."

तो येत होता. ती हाताने बोलावत होती, एक एक पाऊल मागे सरत, आणि तिचा आवाज मोठा होत गेला. पलीकडच्या गाडीखालचं गाणं थांबलं. ती रस्त्याच्या कडेला पोचली. गाडी इतकी जवळ आली की तिने तळवा डिकीवर टेकला. पत्रा उन्हाने तापला होता.

"बस," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

त्याने स्टिअरिंग वळवलं आणि गाडी सरळ होऊन रहदारीत मिसळली.