यमक सापडेपर्यंत

जानेवारीतलं सकाळचं तिरपं ऊन त्याच्या कानांतून आरपार यायचं. पिंपळाचं कोवळं पान उन्हात धरलं की दिसतात तशा बारीक, हिरवट शिरा त्या कानांत दिसत. आणि जिथे तुमचे-माझे कान गोल वळून खाली येतात, तिथे त्याचे सरळ वर जाऊन एका नाजूक टोकाशी संपत. हे दृश्य या शहरात फक्त मी पाहिलेलं आहे. बाकीच्यांसाठी तिथे तपकिरी लोकरीची, दोन्ही बाजूंनी घट्ट ओढलेली कानटोपी असे. नाशिकच्या थंडीत ती खपून जायची. वैशाखात मात्र मला सांगावं लागे, की यांना कानाचा जुना त्रास आहे, वारं सोसत नाही. खोटं बोलण्यात मी पहिल्यापासून बरी आहे.

गंगापूर रोडवरच्या एका नर्सरीत मी कलमं बांधायचं काम करते. तेव्हाही तेच करत होते. वय चाळिशीला टेकलेलं, माहेर सटाण्याचं, लग्नाचा विषय घरच्यांनी कंटाळून सोडून दिलेला. तो एका सकाळी कामावर आला. आला म्हणण्यापेक्षा, असलेला दिसला. त्याच्या चालण्याचा आवाजच नसे. वाळक्या पानांच्या ढिगावरून गेला तरी पान कुरकुरत नसे, झारीतलं पाणी मातीत पडलेलं ऐकू येत नसे, आणि मान वर करावी तर हा शेजारी उभा. सुरुवातीला मी दचकायचे, पुढे चिडायचे, आणि मग केव्हातरी, मान वर केल्यावर तो तिथे असावा, अशी माझी इच्छा असू लागली. प्रेमाचं म्हणाल तर ते एवढंच. त्याला उगीच रंगवून सांगण्यात काही अर्थ नाही.

निंदणीला येणारी हिराबाई मूळची पेठच्या डोंगराकडची. तिनं त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं. खुरपं थांबवून ती म्हणाली, "ताई, त्यो आपल्यातला नाय. डोंगरातला हाय."

"डोंगरातले पुष्कळ येतात इथे कामाला," मी म्हटलं.

"तसा नाय. डोंगरातला म्हंजी डोंगराचाच." एवढं बोलून ती पुढच्या वाफ्याकडे सरकली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

पोथ्यांमध्ये अशांना यक्ष म्हणतात. माझ्या भाचीनं एकदा मोबाइलवर टोकदार कानांची गोरीगोमटी, लांबसडक केसांची माणसं दाखवून 'मावशी, हे एल्फ' असं सांगितलं होतं, आणि मी 'असतात की काय असे' म्हणून भाजी चिरत राहिले होते. आमचा सावळा होता. नखांत माती, अंगाला ओल्या शेवाळाचा मंद दर्प, आणि शेंगदाण्याच्या चटणीवर जीव. वय मात्र त्याच्यावर कुठे थांबलेलं दिसत नसे. पावसाळा जसा दरवर्षी जुनाही असतो आणि नवाही, तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्याचं होतं.

त्याची एक लकब सांगते. कुठल्याही रोपाला हात लावण्याआधी त्याचा तळवा दोन बोटं अंतरावर क्षणभर थांबायचा, दार लोटण्यापूर्वी आपण आतल्या माणसाची चाहूल घेतो तसा. मग पान हलायचं, वारा नसतानाही, आणि तेव्हाच तो स्पर्श करायचा. माझ्या खांद्यावर हात ठेवतानाही तो तळवा तसाच अधांतरी थांबे. नऊ वर्षांत एकदाही विसरला नाही. मला कधीकधी वैताग यायचा. म्हणायचे, अरे, बायको आहे मी, तुळस नव्हे. त्यावर तो हसायचा, आणि पुढच्या वेळी हात पुन्हा थांबायचा.

आणखी एक गोष्ट म्हणजे त्याला खोटं बोलता येत नसे. खोटं न बोलण्याचं व्रत वगैरे नव्हतं; जमतच नसे, आपल्याला कान हलवायला जमत नाहीत तसं. म्हणून चारचौघांत तो गप्प राही आणि बोलण्याचं सगळं काम माझ्याकडे. लोकांसाठी त्याचं नाव सुधाकर होतं, तेही मीच ठेवलेलं. घर भाड्यानं घेताना मालकांनी विचारलं, तेव्हा जे तोंडाला आलं ते सांगून मोकळी झाले.

खरं नाव त्यानं मला एका संध्याकाळी सांगितलं, देवळात हार घालून आम्ही घरी आलो त्याच दिवशी. गॅलरीत उभे होतो. पश्चिमेला डोंगरांची रांग जांभळी होत चालली होती. त्याच्या लोकांत नाव एकालाच सांगतात. सांगितलं की सांगणारा त्या माणसापाशी राहतो. ज्याला सांगितलं त्यानं ते इतरांच्या कानावर घातलं, की नाव परत दिल्यासारखं होतं, आणि मग त्याला आपल्या डोंगरात जावं लागतं. "रागानं नाही," तो म्हणाला. "धरणाचं दार उघडल्यावर पाणी रागानं जातं का?"

"आणि तुला आपणहून जावंसं वाटलं तर?"

"दिलेलं आपणहून कसं काढून घ्यायचं," तो म्हणाला, आणि माझ्या कानाशी वाकला.

विश्वास ठेवणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं असं मी म्हणणार नाही. कळलं ते इतकंच, की या माणसाला घरी ठेवायचं तर मला एक गोष्ट गिळून टाकायची आहे, आणि ते मला जमण्यासारखं होतं.

आता आमच्या सोसायटीतलं हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी असे, आणि तिथे वरच्या मजल्यावरच्या नलूताईंच्या तावडीतून नाव न घेता कुणी सुटत नसे. वर्षभर ज्यांच्या तोंडून 'अहो' आणि 'हे' यापलीकडे नवऱ्याचं नाव निघत नाही, त्या बायका त्या दिवशी ते यमकात घोळवून सगळ्यांसमोर घेतात. मीही घेत असे. मोगऱ्याच्या रोपांची लावली ओळ, सुधाकररावांच्या चहात साखरेचा घोळ. बायका हसायच्या. वाण म्हणून मी स्टीलच्या वाट्या न देता मोगऱ्याची रोपं द्यायचे, त्यानंच वाढवलेली. तो कानटोपी घालून स्वयंपाकघराच्या दारात रोपांचं तबक घेऊन उभा असे आणि माझं ते खोटं गोड चेहऱ्यानं ऐकत असे.

सातव्या वर्षी त्याच्या कानांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या.

मी नर्सरीतली बाई. पानाच्या कडा करपल्या की काय करायचं, हे मला झोपेतही सांगता येईल. नळाचं पाणी बंद करून विहिरीचं आणवलं. त्याची गादी उत्तरेच्या खिडकीखाली हलवली. गॅलरीला हिरवी जाळी लावली. दुपारी त्याला नर्सरीतल्या नेच्यांच्या ओलसर सावलीत बसवून ठेवलं. तो सगळं मुकाट्यानं करून घ्यायचा. तपकिरी रंग आत सरकतच गेला. आणि मला कारण ठाऊक नव्हतं असं नाही. जमिनीतलं झाड कुंडीत फार वर्षं ठेवलं की मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात. वरून काही दिवस बरं दिसतं, मग कडांपासून सुकू लागतं. त्याला पाणी, खत, सावली काही उपयोगाची नसते. जमिनीत न्यावं लागतं. हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून चार वेळा सांगत होते.

आठव्या वर्षीच्या संक्रांतीच्या आधी, तिळाच्या वड्या थापताना, तो म्हणाला, "ह्या वेळी माझं नाव घे."

मी थापणं थांबवलं नाही. म्हटलं, "तुझ्या नावाला यमक नाही."

"शोध."

"शोधते."

आणि हळदीकुंकवाच्या दिवशी मी सुधाकररावांचंच नाव घेतलं. त्याच्याकडे पाहिलं नाही. रात्री भांडी विसळताना तो शेजारी येऊन उभा राहिला, हात खांद्याच्या दोन बोटं अलीकडे थांबला, आणि या खेपेला बराच वेळ तिथेच राहिला.

नंतरच्या वर्षात तो मला रोज सकाळी चहाबरोबर एक शब्द आणून द्यायचा. कुठून गोळा करायचा कोण जाणे: दुकानांच्या पाट्यांवरून, हिराबाईच्या बोलण्यातून, कुठल्याशा ओवीतून. "हा चालेल?" मी जरा विचार केल्यासारखं करायचे. नाही, मात्रा जास्त होते. नाही, ऐकायला बरं वाटत नाही. तो मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा शब्द आणायचा. फाल्गुन गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. त्याचा आवाज कोरडा होत चालला. झारी अर्धीच भरून उचलायचा.

आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. यमक मला त्यानं 'शोध' म्हटल्यापासून तिसऱ्याच दिवशी सापडलं होतं. पालक निवडताना सुचलं, दोन ओळी आपोआप जुळल्या, अशा की त्यांत एक अक्षर इकडचं तिकडे करायला नको. मी त्या मनातल्या मनात म्हटल्या, पुन्हा म्हटल्या, आणि गप्प बसले. त्याचं गुपित मी इमानानं जपलं, याचा मला अभिमान होता. त्याच वेळी माझं एक गुपित मी त्याच्यापासून जपत होते, आणि दर सकाळी त्याचा चहा गाळत होते. माझं त्याच्यावर प्रेम होतं. म्हणूनच मी ते केलं, आणि म्हणूनच ते वाईट होतं.

पुढच्या वर्षी हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी, त्याला कानटोपी घालताना, उजव्या कानाच्या टोकाचा एक वाळका कपटा माझ्या बोटाला लागून गळाला. मी कपटा ओट्यावर ठेवला. दिवसभर स्वयंपाकघरात जाता-येता तो कपटा मला दिसत राहिला.

संध्याकाळी बायका आल्या. हळदकुंकू झालं, अत्तर झालं, वड्या वाटून झाल्या. "हं मंदा, नाव," नलूताई म्हणाल्या. तो दारात रोपांचं तबक घेऊन उभा होता. मी पदर सारखा केला आणि त्या दोन ओळी म्हटल्या, त्याच्या नावासकट, स्वच्छ, कुठेही न अडखळता.

एकच हशा. "हे कुठलं गं नाव? इतकी वर्षं सुधाकरराव सुधाकरराव करत होतीस."

"हे खरं आहे," मी म्हटलं.

"असू दे, असू दे. पण यमक काय घोटून बसवलंय," नलूताई कौतुकानं म्हणाल्या. "हे काही आज सुचलेलं नाही बायांनो. वर्षभर पाठ करून ठेवलेलं दिसतंय हिनं."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला खोटं बोलता येत नसे, पण कळत सगळं होतं. पश्चिमेचं ऊन गॅलरीतून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं होतं. त्यानं तबक टेबलावर ठेवलं, कानटोपी काढली आणि खुंटीला अडकवली. इतक्या माणसांत पहिल्यांदाच. ऊन त्याच्या कानांतून आरपार गेलं. करपलेल्या कडांच्या आत अजून थोडा हिरवेपणा होता. कुणीही पाहिलं नाही. बायका तबकाभोवती जमून जास्त कळ्यांचं रोप कुठलं ते बघत होत्या.

माझ्या शेजारून जाताना तो म्हणाला, "चांगलं जमलंय."

एखादं कलम नीट बांधलं गेलं की तो एवढंच म्हणायचा. त्याच स्वरात म्हणाला की वेगळ्या, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मग त्याचा हात माझ्या खांद्याच्या दोन बोटं अलीकडे थांबला, आणि तिथूनच मागे गेला. दाराचा आवाज झाला नाही.

आता तीन वर्षं झाली. सोसायटीत मी सांगितलंय, हे गावी असतात, शेती बघतात. नलूताई विचारतात, येणार कधी. मी म्हणते, कामं संपली की. मोगऱ्याची रोपं गॅलऱ्यागॅलऱ्यांत जोरात आहेत. यंदा गावाकडची भाताची कापणी उरकून हिराबाई नर्सरीत परत आली, तेव्हा डबा उघडता उघडता म्हणाली, "दिसला व्हता ताई. लांबून. कान हिरवेगार झालेत."

मी विचारलं, "काही म्हणाला?"

"नाय," ती म्हणाली, आणि भाकरीचा अर्धा तुकडा माझ्यापुढे केला. मी तो खाल्ला. बरं वाटलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम.

ते नाव आता मोकळं आहे. ते कुणासमोरही घ्यावं, कितीदाही घ्यावं. त्यानं जाणारं आता कुणी उरलेलं नाही. सकाळी झारी भरताना मी ते एकदा हळूच घेते आणि पाणी बंद करून थोडी थांबते. त्याचं एक वर्ष माझ्याकडे निघतं, त्याची क्षमा मागायची आहे; ती झाली की नाही, हे सांगणारं कुणी नाही. मागे काही वाजत नाही, पान हलत नाही. पण तो या घरात होता तेव्हाही त्याच्या येण्याचा आवाज कधी झाला नव्हता, त्यामुळे मान वर करायला मी रोज थोडा उशीर करते.